नोकरी सोडण्याआधी एका डायरीमागचे तास मोजा

प्रश्न : मी नोकरी करते आणि चार वर्षांपासून संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी हाताने शिवलेल्या डायऱ्या, शुभेच्छापत्रं आणि नाव घातलेली खास कार्डं करून ऑनलाइन विकते. मागणी वाढते आहे. आता नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करावं असं मनात आहे. त्यासाठी निम्मी मुदत ठेव मोडून आणि उरलेल्या रकमेचं कर्ज काढून कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन आणि वर्षभराचा कागद घ्यायचा विचार आहे. एका स्टेशनरीच्या दुकानानेही दर महिन्याला कार्डं मागितली आहेत. नवऱ्याच्या पगारात घरखर्च आणि घराचा हप्ता भागतो, पण शिल्लक काही राहत नाही. निर्णय बरोबर आहे का?

उत्तर : आधी तुमचं मनापासून कौतुक. तुम्ही नुसता प्रश्न पाठवला नाहीत, तर प्रत्येक वस्तूला लागणारं सामान आणि प्रत्येक पायरीला लागणारी मिनिटंही लिहून पाठवलीत. हाताने वस्तू करणाऱ्यांपैकी फार थोडे जण हा हिशेब ठेवतात. त्यामुळेच मला तुम्हाला ठाम उत्तर देता येतंय : आत्ता नोकरी सोडू नका, ठेव मोडू नका आणि हे मशीन घेऊ नका. पण धंदा वाढवा, नक्की वाढवा. कसा, ते तुमच्याच आकड्यांवरून सांगते.

रकमा छापू नका असं तुम्ही म्हणालात, म्हणून एका डायरीची विक्री किंमत १०० धरते आणि बाकी सगळं त्या प्रमाणात मांडते. डायरीचं सामान २८, पॅकिंग ६, ऑनलाइन बाजाराचं कमिशन आणि पैसे घेण्याचं शुल्क मिळून १०, आणि 'घरपोच मोफत' असं लिहिल्यामुळे तुमच्या खिशातून जाणारं टपाल १२. एकूण ५६. हातात राहतात ४४. तुमच्या मते हा नफा आहे. माझ्या मते ही तुमची मजुरी आहे, आणि ती पुरेशी आहे का हे पाहायला तास मोजायला हवेत.

तुम्ही लिहिलंय : पानं कापून घड्या घालायला २० मिनिटं, भोकं पाडून आठ जुड्या (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) शिवायला ३५, कव्हरवरचे आकार कापायला २५, ते एकावर एक चिकटवायला ३०, पॅकिंगला १०. बरोबर दोन तास. पण त्याच पत्रात खाली ओझरता उल्लेख आहे की फोटो, गिऱ्हाइकाशी होणारे मेसेज आणि टपालाची फेरी यात ऑर्डरमागे ४० मिनिटं जातात. ती तुम्ही हिशेबात धरलेली नाहीत. ती धरली की डायरीला २ तास ४० मिनिटं लागतात आणि तासाला साडेसोळा सुटतात. तुमचा पगार याच मापात तासाला ३० पडतो. म्हणजे ज्या वस्तूचा तुम्हाला सगळ्यात जास्त अभिमान आहे, ती तुम्हाला नोकरीच्या निम्म्याहून जरा जास्त देते. त्यात बिघडलेलं कव्हर, बोथट झालेली पाती, परत आलेलं पार्सल अजून आलेलंच नाही.

आता कार्डं पाहू. एकाच डिझाइनची २० शुभेच्छापत्रं तुम्ही एका बैठकीत करता तेव्हा एकाला सगळं धरून २५ मिनिटं लागतात. किंमत २०, खर्च ८, उरतात १२. तासाला जवळपास २९, म्हणजे पगाराच्या बरोबरीनेच. नाव, तारीख, आवडता रंग विचारून केलेलं खास कार्ड ३० ला जातं आणि त्यातून २० उरतात, पण ते करायला ५५ मिनिटं आणि मेसेजना आणखी २० मिनिटं लागतात. तासाला १६. एका नगावर जास्त उरतं म्हणून डायरी आणि खास कार्डं फायद्याची वाटतात. तासाच्या हिशेबात मात्र साधं कार्ड त्या दोघांना मागे टाकतं.

सध्या महिन्याला सरासरी १६ डायऱ्या, २४ खास कार्डं आणि ३० साधी कार्डं जातात. यातून पगाराच्या साधारण २९ टक्के रक्कम सुटते, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यासाठी महिन्याला ८५ तास जातात. रात्रीची जागरणं होतात असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण हे आहे. पूर्ण वेळ म्हणजे महिन्याला १७६ तास धरले आणि सगळे डायऱ्यांना दिले, तर ६६ डायऱ्या होतील, आजच्या चौपट. त्या सगळ्या विकल्या गेल्या तरी पगाराच्या ५५ टक्केच हाती येतील. आणि त्या विकल्या जातील असं मानायला आधार नाही, कारण तुमच्या यादीप्रमाणे वर्षातली ६० टक्के विक्री तीन महिन्यांतच होते. उरलेल्या नऊ महिन्यांत घराला पगाराची सवय असते, आणि घराच्या हप्त्यासोबत आता कर्जाचाही हप्ता असेल.

मशीनबद्दल तुम्ही फार उत्साहाने लिहिलंय आणि तो उत्साह मला कळतो. नाजूक जाळी सफाईने कापून निघालेली पाहिली की कोणालाही ते हवंसं वाटेल. पण डायरीच्या १६० मिनिटांतल्या फक्त २५ मिनिटांना ते हात लावणार आहे. कागद चिकट मॅटवर बसवायचा, पातं लावायचं, कापून झाल्यावर बारीक तुकडे टोकरून काढायचे, यात १० मिनिटं जातातच. डायरीमागे वाचली १५, महिन्याला चार तास. वेळ खरा अडतो तो शिवणीवर, चिकटवण्यावर आणि मेसेजवर, आणि यातलं काहीही मशीन करत नाही. भांडवल घालायचं तर ते काम जिथे अडतंय तिथे घालावं.

म्हणून दुकानाच्या मागणीकडे वळते, कारण मला खरी वाट तिथे दिसते. दुकान निम्म्या दराने माल मागतंय. आजचं २० चं कार्ड त्यांना १० ला दिलंत, तर कमिशन वाचूनही सामान ४ आणि वेष्टन १ जाऊन ५ उरतात. २५ मिनिटांचे ५, म्हणजे तासाला १२. हे कार्ड दुकानाला देऊ नका. त्यांच्यासाठी वेगळं कार्ड रचा : दोनच थर, एक कापीव आकार, रिबीन नाही, एका बैठकीत ५०. याला हाताने फिरवायचं साधं डाय-कटिंग यंत्र पुरतं. लोखंडी साचा, त्याखाली कार्डस्टॉक म्हणजे कार्डाचा जाड कागद, हँडल फिरवलं की आकार बाहेर. वीज नको, कॉम्प्युटर नको, साचा वर्षानुवर्षं चालतो, आणि कॉम्प्युटरवाल्या मशीनच्या मानाने ते स्वस्तही असतं. कार्ड १२ मिनिटांवर आलं की त्याच ५ चे तासाला २५ होतात. हे यंत्र मात्र घ्या. पण ठेवीतून नको, येत्या हंगामाच्या कमाईतून घ्या, आणि तेही दुकानाने नमुने पाहून लेखी ऑर्डर दिल्यावर. माल 'विकला गेला तर पैसे' या अटीवर ठेवायला सांगितलं, तर पहिल्या खेपेला नाही म्हणा. तुमचे पैसे कागदाच्या रूपात त्यांच्या रॅकवर अडकून पडतील.

या बाबतीत एस्थर हाउलंडचं उदाहरण मला फार शिकवणारं वाटतं. अमेरिकेतल्या वुस्टर गावची ही मुलगी १८४७ मध्ये कॉलेजातून बाहेर पडली. इंग्लंडहून आलेलं लेस लावलेलं एक व्हॅलेंटाइन कार्ड पाहून तिने स्वतः थोडे नमुने केले आणि वडिलांच्या स्टेशनरी व्यवसायासाठी फिरतीवर निघालेल्या भावाकडे दिले. तो परतला तो तिच्या अपेक्षेच्या कितीतरी पट ऑर्डर घेऊन. त्यानंतर तिने मैत्रिणींना मदतीला घेतलं आणि काम वाटून दिलं : एकीने कापायचं, दुसरीने चिकटवायचं, असं. आधी नमुने, मग ऑर्डर, मग हात. तुम्ही हा क्रम उलटा करायला निघाला आहात, आणि कर्ज काढून.

डायऱ्या बंद करा असं मी म्हणत नाही. त्यांची किंमत वाढवा. १०० ऐवजी १२५ करा. गिऱ्हाइकं तुटतील ही तुमची भीती आहे, तर धरू की चौथा हिस्सा तुटला आणि १६ च्या जागी १२ च डायऱ्या गेल्या. कमिशन साडेबारा झालं, बाकी खर्च तेवढाच. एका डायरीमागे साडेसहासष्ट उरतात, बारांचे ७९८. आज सोळांचे ७०४ मिळतात. म्हणजे जास्त पैसे, आणि महिन्याला दहा तास मोकळे. तासाचा दर साडेसोळावरून २५ च्या आसपास येतो. नोकरी न सोडता, एक पैसाही न गुंतवता.

टपाल वेगळं लावा. निदान वजन तरी पाहा. ए-४ आकाराचा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा) कागद ५ ग्रॅम भरतो, १०० जीएसएमचा सव्वासहा. तुमच्या डायरीत असे ४० कागद मधोमध दुमडलेले असतात, म्हणजे नुसत्या पानांचंच वजन २०० ग्रॅम की २५० हे कागदाच्या निवडीवर ठरतं, आणि कव्हरचा पुठ्ठा धरून पार्सल वजनाच्या वरच्या टप्प्यात जाऊ शकतं. शाईपेन वापरणाऱ्यांना जाड कागद लागतो हे मान्य, मग त्यांची डायरी वेगळी आणि किंमतही वेगळी ठेवा. कार्डावरच्या उठावदार फुलांचंही तसंच : अनेक टपालसेवांमध्ये जाडी ठरावीक मापाबाहेर गेली की पाकीट साधं पत्र राहत नाही, दर बदलतो. कमिशनवरही लक्ष असू द्या. हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या एटसी या ऑनलाइन बाजाराने एप्रिल २०२२ मध्ये विक्रीवरचं शुल्क ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केलं, आणि ते गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या टपालखर्चावरही लागतं. किंमत ठरवताना हे धरलं नाही तर ते तुमच्या मजुरीतून जातं.

खास कार्डांना दोन नियम लावा : निम्मे पैसे आगाऊ, आणि मजकुरात एकदाच बदल. रंग, आकार, मजकूर यांचा एक फॉर्म करून ठेवा म्हणजे वीस मिनिटांचे मेसेज पाचावर येतील. ज्यांना हे मान्य नाही त्यांना प्रेमाने नकार द्या.

वर्षभराचा कागद मात्र अजिबात भरू नका. कागद म्हणजे गुंतवलेला पैसा, आणि तो पडून राहिला की खराब होतो. दमट हवेत कार्डस्टॉक वाकतो, उजेडात रंग उडतात, आणि लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन काढून न टाकलेला स्वस्त कागद पिवळा पडतो. शिवाय यंदाची नक्षी पुढच्या वर्षी कोणाला नको असते. तुमच्या नेहमीच्या क्रीम रंगाच्या कार्डस्टॉकचा तीन महिन्यांचा साठा ठीक आहे, बाकी दोन महिन्यांपलीकडे नको.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण यादीत दिसली. प्रसिद्ध कार्टून पात्रं आणि गाण्यांच्या ओळी असलेल्या डायऱ्या तुम्ही विकता. त्या चित्रांचे आणि ओळींचे हक्क दुसऱ्याचे आहेत. छंद म्हणून करताना कोणाच्या डोळ्यावर येत नाही, पण व्यवसाय वाढला की एका तक्रारीने तुमचं ऑनलाइन दुकान बंद होऊ शकतं. त्या काढा. इंटरनेटवरून घेतलेल्या कटिंगच्या डिझाइनचा परवानाही तपासा. बरीच डिझाइन्स फक्त घरगुती वापरापुरती दिलेली असतात.

मग नोकरी कधी सोडायची? माझ्या अटी कडक आहेत, कारण घरात दुसरा पगार असला तरी शिल्लक नाही. मंदीच्या काळातले सलग तीन महिने धंद्याने पगाराच्या निम्मी रक्कम दिली पाहिजे, आणि ती आजच्याच ८५ तासांत. एकूण कामाचा तासाचा दर आज १८ आहे, तो २५ च्या वर टिकला पाहिजे. बारा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला असावेत, आणि त्या पैशांतून कागदाचा एक तावही येऊ नये. आजारपणाचा विमा नोकरीतून असेल तर स्वतःचा काढून मगच राजीनामा द्या. निवृत्तीसाठी पगारातून कापली जाणारी रक्कमही मोजा, कारण नोकरीबरोबर तीही थांबते. यातली एक अट जरी अपुरी असेल तर थांबा. त्याआधी कचेरीत आठवड्याला चार दिवस काम मिळतं का ते विचारा. मिळालं, तर महिन्याला ३५ तास मोकळे होतात आणि पगाराचा पाचवा हिस्साच जातो. तुमच्या घरासाठी हा मला सगळ्यात शहाणपणाचा मधला टप्पा वाटतो.

धंद्याचं खातं घरखात्यापासून आजच वेगळं करा, आणि तुमच्याकडे करनोंदणीची मर्यादा काय आहे ते करसल्लागाराला विचारून घ्या. कर्जाचा अर्ज आधीच भरलाय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तो मंजूर झाला तरी रक्कम उचलू नका. प्रक्रिया शुल्क गेलं तर गेलं, ते वर्षभराच्या व्याजाहून कमीच असेल. दुकानासाठीचे नमुने मात्र या आठवड्यातच करायला घ्या.