मोक्याच्या क्षणी हात का आखडतो?

प्रश्न : मी बास्केटबॉल खेळतो. सरावात दहापैकी आठ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेका) बसतात. पण सामना एका गुणावर आला की चेंडू रिंगपर्यंतही पोचत नाही. कोपर, मनगट, गुडघे, सगळ्याकडे नीट लक्ष देतो, तरी बिघडतंच. काय चुकतंय?

उत्तर : ते लक्ष देणंच! हजारो वेळा घोटलेली फेक सलग, आपोआप होत असते. दडपण आलं की आपण तिचे तुकडे पाडून एकेकावर पहारा ठेवतो आणि नवशिक्यासारखे अडखळतो. त्यात खांदे ताठरतात, गुडघे कमी वाकतात आणि चेंडू आखूड पडतो. १९९३च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात याना नोवोत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ने पुढे होती, ५-१ व्हायला एकच गुण हवा होता. तिथे डबल फॉल्ट झाला, म्हणजे सर्व्हिसचे दोन्ही प्रयत्न चुकले, आणि सेट ४-६ असा गेला. सर्व्हिस, पेनल्टी, फ्री थ्रो यांत हा धोका जास्त, कारण विचार करायला वेळ मिळतो.

उपाय एकच : लक्षाला शरीराबाहेरचं काम द्या. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पंचांनी चेंडू दिल्यावर ५ सेकंदच मिळतात, म्हणून श्वासाचं काम आधीच उरका. नाकाने श्वास घ्या, तोंडाने त्याहून सावकाश सोडा, सोडताना खांदे खाली येऊ द्या. चेंडू हातात आला की दोन टप्पे, मग रिंगच्या ठरलेल्या कडेवर साधारण सेकंदभर नजर, आणि फेक. ज्यांचे फ्री थ्रो जास्त बसतात त्यांची नजर फेकीआधी एकाच जागी अधिक वेळ टिकते, हे संशोधक जोन विकर्स यांनी १९९६ साली दाखवून दिलं. कडा पुढची की मागची, ते तुम्ही ठरवा. मात्र रोज तीच. मनात एखादा शब्द हवाच असेल तर 'सलग' म्हणा, 'कोपर' नको.

घाई करू नका. 'एकदाचं उरकू दे' ही ओढ फार फसवी असते. शिट्टी वाजताच धावत सुटणाऱ्यांच्या पेनल्टी जास्त हुकतात, असं फुटबॉलच्या शूटआउटवरील संशोधक गायर यॉरडेट यांच्या अभ्यासात दिसलं आहे.

आणि हा क्रम सामन्यात पहिल्यांदा वापरलात तर तोच ओझं होईल. सरावाच्या शेवटी, धाप लागलेली असताना, सगळे बघत असताना दोनच फेका. एक जरी हुकली तर अख्ख्या संघाने मैदानाची एक फेरी मारायची. सलग पन्नास फेकून हात बसतो, पण सामन्यात पन्नास मिळत नाहीत.

प्रश्न : मुलीला टेनिसच्या सामन्याआधी पोटात गोळा येतो, हात गार पडतात. 'शांत हो' म्हटलं तरी उपयोग होत नाही.

उत्तर : होणारही नाही. अ‍ॅड्रेनलिनमुळे रक्त त्वचेकडून स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात. हुकमाने ते थांबत नाही. 'शरीर तयार होतंय' असं तिला सांगा, ते खरंही आहे. दहा-पंधरा मिनिटं हलकं धावणं, दोरीच्या उड्या, मग थोडी रॅली, एवढ्याने हात ऊब धरतात. सामन्याच्या दिवशी 'हा जिंकलाच पाहिजे' आणि 'मनगट सैल ठेव' ही दोन्ही वाक्यं टाळा. मनगटाचं पुढच्या सरावात बघता येईल.