पगाराचा आकडा शेवटी विचार

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फळबागेतली देखरेखीची नोकरी की अन्नप्रक्रिया कारखान्यातली, असा तुझा प्रश्न. दोन्हीकडचे मासिक आकडे तू शेजारी शेजारी मांडलेस, पण तेवढ्यावरून मला काहीच सांगता येणार नाही. या क्षेत्रात कमाईचा बराच भाग वजनावर, हंगामावर नाहीतर वस्तुरूपात मिळतो. त्यामुळे पैसे कशावर मोजतात आणि हातात कधी पडतात, हे आधी विचारायचं.

बागेच्या पत्रात ‘तोडणीच्या काळात मालाप्रमाणे जादा’ एवढंच लिहिलंय. खरी मेख तिथे आहे. दर किलोवर की क्रेटवर? क्रेटवर असेल तर तो काठापर्यंत भरायचा की शिगोशीग? काटा कोणाच्या हातात, आणि वजनाची चिठ्ठी जागेवर मिळते की संध्याकाळी नुसती यादी लागते? डागी फळ निवडीत बाजूला काढलं तर त्याचे पैसे जातात का, आणि ती निवड तुमच्यासमोर होते की दूर पॅकहाउसमध्ये? पावसाने तोडणी थांबली तर त्या दिवसाची हजेरी लागते का? आणखी एक: भर हंगामात फांद्या लगडलेल्या असतात, शेवटी शेवटी फळ विरळ होतं. दर तोच राहिला तर हात तेवढेच चालवूनही कमाई घसरते. म्हणून मालावरच्या पैशांच्या खाली किमान रोजाचा आधार आहे का, हे बघच. हंगाम पुरा केल्यावर बोनस मिळणार असेल, तर आठवडाभर आधी सोडल्यास तो सगळा बुडतो की कामाच्या दिवसांच्या प्रमाणात मिळतो, हेही विचार.

खोली, जेवण, घरापुरता माल या सोयींना मी कमी लेखत नाही. भाडं वाचलं की मोठा भार उतरतो. पण त्यांची किंमत पगारातून वळती करतात का, आणि ती ठरवतं कोण? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षण करारात वस्तुरूप मजुरीला मुभा आहे, तीही अंशतः. वस्तू कामगाराच्या आणि कुटुंबाच्या उपयोगाची हवी, तिची किंमत वाजवी लावलेली हवी, आणि मजुरीपोटी कडक दारू देता येत नाही. हा शेवटचा मुद्दा उगाच आलेला नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या द्राक्षमळ्यांवर मजुरीचा काही भाग वाइनमध्ये देण्याची ‘डॉप’ नावाची पद्धत होती. खोलीबाबत मात्र एक गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही: नोकरी सुटली की छप्परही सुटतं. मग खोली रिकामी करायला किती दिवस देतात?

जादा तासांचा जादा दर गृहीत धरू नकोस. आठ तासांचा दिवस मान्य करणारा १९१९ चा पहिला आंतरराष्ट्रीय करार उद्योगांपुरता होता. शेती त्यात नव्हती. अमेरिकेत मजुरी आणि कामाच्या तासांबद्दलचा १९३८ चा संघीय कायदा आजही शेतमजुरांना ओव्हरटाइमच्या तरतुदीबाहेर ठेवतो. आपल्या कामाला कोणता नियम लागू आहे, ते कायद्यातच पाहावं. मुकादमाचा शब्द त्यासाठी पुरेसा नाही.

कारखान्यात घोळ वेगळा. केसांची जाळी, एप्रन, गमबूट, हात धुणं, जंतुनाशक, मग मशीनपर्यंतची चाल. हजेरीचं पंचिंग याच्या आधी की नंतर? रोजची ही मिनिटं महिन्याअखेरी तासांत जातात. मांसप्रक्रिया कारखान्याच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवलं, की कामासाठी आवश्यक संरक्षक साहित्य चढवल्यानंतर कामाच्या जागेपर्यंत चालण्याचा वेळही पगारी धरायचा. तुझ्या पत्रातले रात्रपाळी आणि शीतगृहाचे भत्ते चांगले आहेत, पण पाळी बदलली की तेही बंद होतात. ओव्हरटाइम आणि निवृत्ती निधीतला कंपनीचा वाटा मूळ पगारावर काढतात की भत्त्यांसकट, ते बघ. विम्यात घरचे धरलेत का, एवढं विचारलं तरी बरंच कळेल.

पुढे कधी बियाणं-खतांच्या विक्रीत जाणं झालं, तर इन्सेंटिव्ह कशावर ते आधी विचार: पाठवलेल्या मालावर, की परत आलेला माल वजा करून आणि वसुली झाल्यावर? हंगामाअखेरी न विकलेलं बियाणं दुकानातून परत येतं, आणि त्याबरोबर कागदावरचं इन्सेंटिव्हही जातं.

आता एका कागदावर बारा महिने मांड. प्रत्येकापुढे हातात येणारी रक्कम लिही, मालावरचा भाग वेगळ्या रकान्यात, आणि त्यात सर्वांत रिकाम्या महिन्याचा खर्च भागतो का ते पाहा. सध्या माझा कल कारखान्याकडे आहे, कारण बागेने काटा आणि किमान रोज, दोन्हींबद्दल मौन पाळलंय. त्यांनी लेखी उत्तर दिलं तर माझं मत बदलू शकतं. जमल्यास दोन्हीकडे एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याची, हंगाम नसतानाच्या महिन्याची पगारपावती नाव झाकून दाखवायला सांग.

तुझा हितचिंतक