पाळी बदलताना रिजेक्शन का वाढतं?

प्रश्न : भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. आठ सीएनसी लेथ (संगणकावर चालणारी कातकामाची मशीन) आहेत, काम तीन पाळ्यांत चालतं. पाळी बदलली की पहिल्या तासात हमखास रिजेक्शन, म्हणजे मापात न बसलेले पीस, निघतं. सकाळचे रात्रपाळीला दोष देतात, रात्रीचे सकाळच्यांना. दोघांना समोरासमोर बसवून समज दिली. चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. काय करावं?

उत्तर : समज देऊन हे सुटणार नाही, कारण बहुतेक वेळा यात कुणाचा कामचुकारपणा नसतो. जाणाऱ्याला जे ठाऊक असतं ते येणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

समजा, शाफ्टचा व्यास 24.970 ते 25.000 मिमीच्या आत हवा आहे. पाळी संपायला पाच मिनिटं असताना ऑपरेटरला माप 25.005 मिळतं. तो उणे 0.02 ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) देतो, सायकल सुरू करतो आणि हजेरीच्या पंचिंगला निघतो. नवा ऑपरेटर ट्रेमधला वरचा पीस उचलतो. तो नेमका ऑफसेटच्या आधीचा असतो. माप 25.005. तोही उणे 0.02 देतो. पुढचा पीस येतो 24.965 चा आणि थेट भंगारात जातो. जास्तीचं मटेरियल काढता येतं, गेलेलं परत लावता येत नाही. त्यात मशीन वीस-पंचवीस मिनिटं बंद राहिलं असेल तर स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) आणि बॉलस्क्रू (टूल सरकवणारा स्क्रू) थंड पडून माप थोडं सरकतं. त्यावरही घाईने ऑफसेट पडतो आणि मशीन तापलं की माप उलट्या बाजूला जातं.

म्हणून पहिला नियम असा लावा : शेवटच्या पंधरा मिनिटांत ऑफसेट दिला तर पुढचा पीस मोजल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, आणि आधीचे पीस वेगळ्या ट्रेमध्ये चिठ्ठी लावून ठेवायचे. येणाऱ्याने पहिले तीन पीस स्वतः मोजायचे. माप हद्दीत असेल तर एका पिसावरून ऑफसेटला हात लावायचा नाही. हद्दीबाहेर गेलं तर मशीन थांबवून शेवटची नोंद बघायची, मगच ठरवायचं.

दुसरं, चार्ज देणं-घेणं केबिनमध्ये नको, मशीनसमोर उभं राहून करा. येणाऱ्या सुपरवायझरने दहा मिनिटं आधी यावं. आठ मशीनना तेवढी पुरतात. प्रत्येक मशीनला एवढंच सांगायचं : कोणता जॉब, कितवं ऑपरेशन, शेवटचा ऑफसेट कोणत्या टूलला, किती, किती वाजता, इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) बदलल्यापासून किती पीस झाले, आणि काय अर्धवट किंवा तात्पुरतं आहे. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच राहून जातं. बायपास केलेला सेन्सर, सैल झालेला जॉ (जॉब धरणारी पकड), गळणारी कूलंटची नळी. ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत बोलून दाखवावं, मग सही करावी. लॉगबुकात ‘मशीन ओके’ लिहिणं बंद करा, त्यातून काहीच कळत नाही.

हा विषय किती गंभीर आहे ते उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर दिसलं. 6 जुलै 1988 ला दिवसपाळीने एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. तो परत बसलेला नाही, हे रात्रपाळीला कळलं नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच सुरू केला. वायू गळला, स्फोट झाले, 167 माणसं गेली. त्या दुरुस्तीच्या कामाचा परवाना कागदावर होता, पण ज्याला तो कळायला हवा होता त्याला कुणी सांगितलं नाही.

महिनाभर पहिल्या तासाचं रिजेक्शन ‘पाळीबदल’ या वेगळ्या रकान्यात लिहा, कोणत्याच पाळीच्या नावावर नको. नावावर पडणार असेल तर माणसं पीस लपवतात आणि खरं कारण त्यांच्याबरोबरच झाकलं जातं. रोजची दहा मिनिटं 26 दिवसांत चार तास वीस मिनिटं होतात. त्याचा मोबदला मालकांकडून मंजूर करून घ्या. फुकटात मागितलेली शिस्त टिकत नाही, आणि ती तशी मागूही नये.

प्रश्न : ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्यावरच आता मी सुपरवायझर आहे. एक काका कामात पक्के, पण गेज (माप तपासायचं साधन) लावतच नाहीत. कसं सांगू? (सातपूर, नाशिक)

उत्तर : त्याच दिवशी, एकट्याला, मशीनजवळ सांगा. सकाळच्या मीटिंगमध्ये सर्वांसमोर अजिबात नको. ‘तुम्ही ऐकत नाही’ असं न म्हणता जे पाहिलं तेच बोला : ‘काका, आज दहा ते अकरा गेज लागलं नाही, अडचण काय?’ मग गप्प राहून ऐका. पुष्कळदा कारण साधं असतं. गेज क्वालिटीच्या खोलीत असतं, किंवा दोन मशीनमध्ये एकच असतं. तसं असेल तर गेज मशीनपाशी आणून देणं तुमचं काम. दर किती पिसांनी लावायचं तो आकडा दोघांनी मिळून ठरवा आणि मशीनवर लिहून ठेवा. ‘काका’ म्हणणं सोडू नका. हुद्दा मिळाला म्हणून मान काढून घेतला तर आख्खं शॉप बिथरतं.

प्रश्न : आमचे साहेब रात्री अकरालाही ग्रुपवर मेसेज टाकतात. (चाकण)

उत्तर : त्यांच्याकडे एकच मागणी करा : मशीन बंद असेल किंवा कुणाला दुखापत झाली असेल तर फोन, बाकी सगळं लॉगबुकात. तातडीचं आणि साधं एकाच ग्रुपवर आलं की माणसं ग्रुप म्यूट करतात, आणि ब्रेकडाउनचा मेसेजही सकाळी वाचला जातो. हे साहेबांना तक्रार म्हणून न सांगता गेल्या आठवड्यातले मेसेज दाखवून सांगा. त्यातले खरंच रात्रीच पाठवायला हवे होते असे किती, ते त्यांनाच मोजू द्या.