सव्वातीन इंचाचं अक्षर

प्रिय मुली,

हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर' या कादंबरीवरच्या पेपरचा तुझा ड्राफ्ट काल रात्री जेवण झाल्यावर वाचायला घेतला आणि पहिल्याच वाक्याला अडकले. 'पाप ही मानवी जीवनातील सार्वत्रिक संकल्पना असून आपण सर्वच कुठे ना कुठे पापी असतो.' अगं हे वाक्य तुझं नाहीये, हे डिम्सडेलचं आहे! चेष्टा करत नाहीये, खरंच 'द स्कार्लेट लेटर'चं अकरावं प्रकरण परत उघड आणि वाच.

तो बोस्टनचा लाडका पाद्री, तरुण, विद्वान, बोलायला लागला की अख्खं चर्च हेलावून जायचं. परपुरुषापासून मूल झालं म्हणून जन्मभर छातीवर लाल 'ए' अक्षर लावायची शिक्षा झालेली हेस्टर, तिच्या पोरीचा बाप तोच, आणि हे हेस्टरने कुणालाच सांगितलेलं नाही. तो कितीतरी वेळा पुलपिटवर, म्हणजे प्रवचनाच्या ओट्यावर, चढतो ते ठरवूनच चढतो की आज सांगून टाकायचं, आणि सांगतो पण बरं का. सांगतो काय तर मी नीच आहे, पाप्यांतला महापापी आहे, देवाच्या कोपाने माझं शरीर तुमच्या डोळ्यांदेखत जळून कसं जात नाही याचंच आश्चर्य आहे. यातला एकही शब्द खोटा नाही. आणि खाली बसलेले लोक म्हणतात बघा केवढा नम्र माणूस, एवढा पवित्र असून स्वतःला पापी म्हणवतो, मग आपली काय कथा! म्हणजे त्याची किंमत अजून वाढते, आणि हॉथॉर्न तिथे स्पष्ट सांगतो की असं होणार हे त्या पाद्र्याला पक्कं माहीत असतं. खरं तेच बोलला आणि बोलता बोलता त्याचं सगळ्यात मोठं खोटं करून बसला.

याला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे, मोघम. मोघम कबुली. 'आपण सगळेच पापी' म्हणताना कुणाला काही लागत नाही, म्हणणाऱ्याला तर अजिबातच नाही, उलट बरं वाटतं.

आता याच्यासमोर ते अक्षर ठेव. पुस्तकाच्या सुरुवातीला कस्टम हाऊसवरचा, म्हणजे जकात कचेरीवरचा, जो लांबलचक भाग आहे ना, जो तू बहुतेक गाळलायस (गाळलायसच, ड्राफ्टवरून कळतं), त्यात निवेदक म्हणतो की कस्टम हाऊसच्या माळ्यावर जुन्या कागदांत मला लाल कापडाचा एक जीर्ण तुकडा सापडला. हा सगळा बनाव आहे, कादंबरी रचण्यासाठी केलेला, पण तो त्या तुकड्याचं माप देतो. ए अक्षराची प्रत्येक रेघ बरोब्बर सव्वातीन इंच! पाप कसलं ते नंतर अख्ख्या पुस्तकात शब्दाने सांगत नाही, तो शब्द शोधायला जाशील तर सापडणार नाही, आणि माप मात्र पाव इंचापर्यंत. मला तर ही कादंबरी तिथेच सापडते. एकीकडे सव्वातीन इंच, दुसरीकडे मोघम.

तू पाप आणि लाज हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरलेयस पानोपानी, कधी कधी एका वाक्यात दोन्ही. वेगळे कर. लाजेला बघणारं कुणीतरी लागतं, पाप अंधारात एकट्याला पण पुरतं. आणि आपल्या भाषेत ही अजून एक गंमत आहे, आपण पाप 'लागलं' म्हणतो, म्हणजे बाहेरून चिकटलं, आणि चिकटलेलं धुता येतं, नाशिकला रामकुंडावर जाऊन बघ रोज किती लोक धुवायला येतात ते. गोव्यात किंवा वसईला चर्चमध्ये कन्फेशनची सोय असते, फादरच्या कानात सांगायचं आणि उठायचं. बोस्टन वसवणाऱ्या त्या कडक प्रोटेस्टंट प्युरिटनांकडे यातलं काहीच नाही. त्यांच्या मते पाप जन्मासोबतच आलेलं, आणि कोण तरणार कोण बुडणार ते देवाने आधीच ठरवून ठेवलेलं. कानात सांगायला फादर नाही कारण ती कॅथलिक पद्धत म्हणून त्यांनी टाकून दिलेली. उलट मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चचं पूर्ण सभासद व्हायचं तर देवाची कृपा आपल्यावर कशी झाली ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायला लागायचं, म्हणजे मी किती पापी होतो हे बोलणं ही तिथली रोजची भाषाच होती, आपल्याकडे भाषणाच्या सुरुवातीला लोक 'मी काही फार मोठा माणूस नाही' म्हणतात ना तसं. त्यामुळे डिम्सडेल लपतो कुठे तर त्या कबुलीच्या भाषेतच. हे नुसतं 'ढोंगी धर्मगुरू' असं लिहून संपवू नकोस, तू दोन ओळीत संपवलंयस.

दुसरं म्हणजे 'क्रूर समाज विरुद्ध शूर स्त्री' असं जे हेडिंग दिलंयस ते मला आवडलं नाही. खोटं नाहीये पण सोपं आहे. दुसऱ्या प्रकरणात तुरुंगाच्या दारासमोर ज्या बायका जमल्यात त्यांची नुसती बडबड ऐक. एक म्हणते कपाळावर तापल्या लोखंडाचा डाग द्यायला हवा होता, एक म्हणते हिने मेलंच पाहिजे, आणि त्यांच्यातच एक तरुण बाई लेकराचा हात धरून उभी आहे, ती हळूच म्हणते, ते चिन्ह कसंही झाकू दे तिला, त्याची कळ काळजात राहणारच. गावाच्या विहिरीवर किंवा आता सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जशा असतात तशाच सगळ्या जणी आहेत. आणि कायदा बघायला गेलीस तर शिक्षा होती मृत्यूची, कादंबरीतच गर्दीतला एक जण तसं सांगतो, न्यायाधीशांनी दया दाखवून तीन तास चबुतऱ्यावर उभं राहणं आणि जन्मभर ते अक्षर एवढ्यावर सोडलं. गोष्ट सुरू होते १६४२ मध्ये, आणि १६४४ मध्ये त्याच कॉलनीत मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन या दोघांना याच गुन्ह्यासाठी खरोखर फाशी दिली होती. त्यामुळे 'दया' हा शब्द त्या लोकांच्या तोंडी आला की लगेच हसू नकोस, त्यांना ती खरंच दया वाटत होती, आणि अंगावर काटा त्यामुळेच जास्त येतो.

हॉथॉर्नला हे सगळं पुस्तकातून वाचून कळलेलं नव्हतं, घरचंच होतं. १६९२ ला सेलममध्ये चेटकिणी म्हणून एकोणीस जणांना फासावर चढवलं, त्या खटल्यांतला एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न हा याचा खापरपणजोबा. त्याचाही बाप विल्यम, ज्याने क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना छळलं. आडनावात एक डब्ल्यू घालून स्पेलिंग यानेच बदललं, आणि त्या पूर्वजांची लाज मी माझ्यावर घेतो असं कस्टम हाऊसच्या भागात लिहून ठेवलं. १८४९ मध्ये सरकार बदललं तशी कस्टम हाऊसची नोकरी गेली, त्याच उन्हाळ्यात आई गेली, आणि मग हे लिहून काढलं, १८५० च्या मार्चमध्ये पुस्तक बाहेर. शेवट बायकोला वाचून दाखवला तर ती डोकं धरून झोपायला गेली, आणि हा मित्राला कळवतो की हे मी मोठं यश समजतो. असा माणूस!

(जाता जाता, त्याच सेलममध्ये ६ फेब्रुवारी १८१२ ला पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली होती, प्युरिटनांचाच वारसा सांगणाऱ्या चर्चमध्ये, तेव्हा हॉथॉर्न सात वर्षांचा. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक काढणारं तेच. पेपरमध्ये घालू नकोस हे, गाईड म्हणतील विषय सोडून गेलीस, पण तुला माहीत असावं. बोस्टन वाटतं तेवढं लांब नाही.)

आता एक माझं सांगते, तू तोंड वर करून 'मॅडम तुम्हाला काय माहीत' असं म्हणणार नाहीस म्हणूनच सांगते.

पाचवीत असताना मी वर्गातले दोन रंगीत खडू उचलले होते, बाईंनी दप्तरातून काढले आणि मला बाकावर उभं करून तीनदा मोठ्याने म्हणायला लावलं, मी चोर आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं तेव्हा. आज मी तो किस्सा हसत सांगते, लग्नात, गेट-टुगेदरला, कुठेही. त्याच्याच पुढच्या वर्षी बाबांच्या खिशातून वीस रुपये घेतले, बोरं आणि एक पेन घेतलं. घरात शोधाशोध झाली आणि कामाला येणाऱ्या मावशींवर आळ आला. त्या काही बोलल्या नाहीत, पदराने हात पुसले आणि गेल्या, परत आल्या नाहीत. मी दारातच उभी होते, मूठ खिशात, मुठीत उरलेले पैसे. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, आईबाबा गेले त्यांना पण नाही. आणि तीस वर्षं वर्गात डिम्सडेल शिकवताना दरवर्षी न चुकता म्हणायचे, 'बघा मुलांनो, चुका आपण सगळेच करतो.' मुलं माना डोलवायची. काय छान शिकवता मॅडम.

तर आता कळलं का ते पहिलं वाक्य मला का टोचलं.

हेस्टरकडे ये. तिच्यावर तू पाच पानं लिहिलीस आणि त्यात ती 'खंबीर' आहे असं नऊ वेळा आलंय, मी मोजलं. खंबीर असेल, पण ती करते काय ते बघ ना. सुई चालवते. शिक्षा म्हणून दिलेलं अक्षर सोनेरी दोऱ्याने इतकं देखणं भरते की बघणाऱ्या बायका चिडतात. मग त्याच हातांना गाव काम देतं, गव्हर्नरच्या झालरी, लष्करातल्या लोकांचे पट्टे, पाद्र्याच्या गळ्याची पट्टी, बाळाच्या टोप्या, मढ्यावर घालायचे कपडे सुद्धा. फक्त नवरीच्या चेहऱ्यावर घ्यायचा पांढरा व्हेल तिच्याकडून कुणी कधी भरून घेत नाही. झालं, लाज म्हणजे काय ते या एका न मिळालेल्या ऑर्डरमध्ये आलं. पुढे लोक त्या ए चा अर्थ 'एबल' लावायला लागतात, कर्तबगार, तेव्हा तू लिहिलंयस की समाजाने तिला स्वीकारलं. स्वीकारलं म्हणजे काय गं, अक्षर तर काढलं नाही ना कुणी.

तिने स्वतः काढलं, जंगलात, अठराव्या प्रकरणात. काढून फेकलं, डोक्यावरची टोपी काढली, केस मोकळे सोडले, आणि ऊन पडलं. आणि मग पर्ल, सात वर्षांची पोर, ओढ्याच्या पलीकडे उभी, ती येईचना. बोट दाखवते आईच्या रिकाम्या छातीकडे, पाय आपटते, किंचाळते, शेवटी हेस्टरला ते अक्षर परत लावावं लागतं तेव्हा पोर उडी मारून येते, आईला मिठी मारते, आणि त्या अक्षराचाही मुका घेते. हा सीन तुझ्या ड्राफ्टमध्ये नाहीच. का नाही? बहुतेक 'शूर स्त्री'मध्ये बसला नाही म्हणून. जो सीन आपल्या थिअरीत बसत नाही तिथूनच लिहायला घ्यावं असं मला आमच्या सरांनी सांगितलं होतं, मी तेव्हा ऐकलं नव्हतं.

हेस्टरच्या नवऱ्यावर, चिलिंगवर्थवर, लिहिलेलं ठीक आहे, तिथे फार वेळ घालवू नको.

आणि शेवट. निवेदक 'खरे राहा' असं तीनदा म्हणतो ते तू ठळक अक्षरात घातलंयस, सगळेच घालतात, आणि सगळेच पुढचं अर्धं सोडतात. पुढे तो म्हणतो, आपलं सगळ्यात वाईट नाही दाखवलंत तरी निदान असं काहीतरी दाखवा की ज्यावरून त्या वाईटाचा अंदाज बांधता येईल. म्हणजे सूट दिली की! हा माणूस शिकवण देताना पण पळवाट ठेवतो, यावर लिही.

पण त्याहून भारी गोष्ट त्याच शेवटच्या प्रकरणात आहे आणि ती कुणी फारशी बघत नाही. त्याच्या आधीच्या प्रकरणात डिम्सडेल शेवटी चबुतऱ्यावर चढतो, भर गर्दीत, हेस्टरच्या आधाराने, पोरीचा हात धरून, छातीवरचं वस्त्र बाजूला करतो आणि तिथेच मरतो. तिथे पण ऐन वेळी 'मी' सोडून 'तो' वर जातो, तुमच्यात एक जण उभा होता, त्याच्या डागाला तुम्ही दचकला नाहीत, असं. तरी ठीक आहे, बोलला. आणि मग? गावातले काही प्रतिष्ठित साक्षीदार नंतर सांगतात की छातीवर काही नव्हतंच, आणि त्या बाईशी आपला काही संबंध आहे असं तो म्हणालाच नाही, त्या पुण्यवान माणसाने आपल्या मरणातून फक्त एवढीच शिकवण दिली की देवापुढे आपण सगळेच सारखे पापी. सात वर्षांनी एकदाची नेमकी कबुली दिली आणि लोकांनी ती परत मोघम करून घेतली!

तुझं पहिलं वाक्य त्या साक्षीदारांचं सुद्धा आहे.

तर ते खोड आणि अकराव्या प्रकरणापासून सुरू कर, इंट्रो सगळ्यात शेवटी लिही. रविवारपर्यंत तीन पानं पाठव, टाईप करायला वेळ नसेल तर हाताने लिहून फोटो टाक, मला चालतं. सहाव्या पानावर तू त्या एका थडग्याच्या दगडाबद्दल लिहिलंयस ना, की हेस्टर आणि डिम्सडेलच्या दोन कबरींसाठी दगड एकच पण मधे जागा सोडलेली, जणू मेल्यावरही त्यांच्या मातीला एकत्र व्हायचा हक्क नाही, त्या परिच्छेदाला हात लावू नको, तो जसा आहे तसा राहू दे.

तुझी,
मॅडम