अँजिओप्लास्टीनंतर चालताना घड्याळातल्या ठोक्यांवर किती विसंबायचं?

तुम्ही विचारलंय: वडील ५८ वर्षांचे, अँजिओप्लास्टीला ५ आठवडे झाले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण घड्याळात ११० दिसलं की ते घाबरून खाली बसतात. रंकाळा तलावावर फिरायला न्यावं का?

न्या, पण लगेच नको. आधी डॉक्टरांना विचारा, टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, तो आकडा किती आहे आणि आणखी कुठली रक्तवाहिनी अरुंद राहिली आहे का. ईएफ ४० टक्क्यांच्या खाली असेल किंवा ब्लॉक शिल्लक असेल, तर सुरुवातीचा व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावा.

आता घड्याळ. ते कातडीवर हिरवा उजेड टाकून ठोके मोजतं. पट्टा सैल असला, हात गार पडला की चुकतं, आणि चालताना कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजतं. साध्या चालीतही मिनिटाला शंभर-एकशेदहा पावलं पडतात, म्हणजे तो ११० पावलांचाही असू शकतो! पट्टा मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, हलणार नाही असा बांधा. शंका आली तर उभं राहून अंगठ्याच्या बाजूची नाडी १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. नाडी अनियमित लागली तर डॉक्टरांना कळवा.

आणि ११० खरा असला, तरी चालताना तेवढे ठोके होणं हे एकट्यानं धोक्याचं लक्षण नाही. डॉक्टरांनी मर्यादा दिली असेल तर ती पाळा. २२० वजा वय हे सूत्र मात्र लावू नका. मेटोप्रोलॉलसारखी गोळी ठोके फारसे चढू देत नाही, त्यामुळे तो आकडा गाठायच्या नादात माणूस नको इतका दमतो. त्यापेक्षा त्यांना बोलतं ठेवा. पूर्ण वाक्य सलग बोलता आलं तर वेग बरोबर. आरती सुरात म्हणता येत असेल तर थोडं वाढवायला हरकत नाही. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा.

सुरुवात घरासमोरच्या सपाट रस्त्यावर: ५ मिनिटं सावकाश, ५ नेहमीच्या चालीनं, ५ पुन्हा सावकाश, दिवसातून दोनदा. शेवटची ५ गाळू नका. एकदम थांबलं की रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, या गोळ्यांवर तर जास्तच. दर आठवड्याला मधली २-३ मिनिटं वाढवा, वेग नंतर. सलग ३० मिनिटं जमली की रंकाळा. तिथंही पूर्ण फेरी नको, कारण अर्ध्यावर दमलं तर जवळची वाट उरत नाही. १५ मिनिटं जायचं आणि त्याच वाटेनं परतायचं. पन्हाळ्याचा चढ, जोतिबाच्या पायऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. रविवारी रस्सा ओरपून लगेच निघणं तर नकोच.

घड्याळाचा पडदा चालताना बाहीखाली झाका, नोंद घरी येऊन बघा. वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: किती मिनिटं, बोलता आलं का, संध्याकाळी थकवा कसा. महिन्याभरानं तीच वाट कमी दमात झालेली त्यांना स्वतःच्या अक्षरात दिसते, आणि मला वाटतं धीर येतो तो त्यातूनच.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, चक्कर यांपैकी काहीही झालं तर जागीच बसवा. छातीत दाब किंवा कळ असेल आणि डॉक्टरांनी त्यासाठी सॉर्बिट्रेटची गोळी दिली असेल, तर ती बसवूनच जिभेखाली द्या. ५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८ ला फोन. दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका. अशा वेळी घड्याळाचा ईसीजी काढत बसू नका. तो एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूनं बघतो, हार्ट अटॅक ओळखू शकत नाही, आणि तो 'नॉर्मल' दाखवतोय म्हणून थांबणं जिवावर बेतू शकतं.