वाकून पायाचे अंगठेही धरता येत नाहीत. अशा माणसाने योगासनांच्या क्लासला जावं का? लोक हसतील का?

जा. मी गेलो तेव्हा वाकल्यावर माझे हात गुडघ्याखाली जेमतेम वीतभर पोचत होते. पंधरा वर्षं खुर्चीत बसून काम, दुसरं काय होणार!

लोकांचं म्हणाल, तर कुणी हसलं नाही, आणि मी हसण्याजोगं बरंच केलं होतं. ऐसपैस टी-शर्ट घालून गेलो होतो. अधोमुख श्वानासनात, म्हणजे हातपाय जमिनीवर आणि कंबर वर, तो घसरून थेट तोंडावर आला. एका हाताने तो खोचायला गेलो, तर दुसरा हात घामाने मॅटवरून सरकला. हनुवटी आपटता आपटता वाचली. शेजारच्या बाई डोळे मिटून शांत होत्या. निदान तसं दाखवत तरी होत्या. तेव्हा टी-शर्ट अंगासरशी घाला किंवा खोचून जा.

खरी गंमत पश्चिमोत्तानासनात झाली. पाय पसरून बसायचं आणि पुढे वाकायचं. मी पाठीला पोक काढून, श्वास रोखून अंगठ्यांकडे हात ताणत होतो. आमच्या मॅडम आल्या, घडी घातलेलं ब्लँकेट माझ्या बैठकीखाली सरकवलं, गुडघे किंचित वाकवायला लावले आणि तळपायांना पट्टा अडकवून त्याची टोकं हातात दिली. पाठ सरळ झाली, कंबर आपोआप पुढे कलली. कारण साधं आहे: मांडीमागचे स्नायू वर बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात. ते आखडलेले असले की कंबरेला मागेच ओढून धरतात, मग सगळं वाकणं बिचाऱ्या पाठीवर येतं. गुडघे सैल सोडले की ती ओढ कमी होते.

पट्टा, ठोकळे म्हणजे नापासांची सोय, असं मला वाटायचं. पण योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांसारख्या दिग्गजाने ही साधनं रूढ केली, त्यामुळे तुम्ही-आम्ही लाजायचं कारण नाही. बिनधास्त मागा.

किती ताणायचं हे शेजाऱ्याकडे बघून ठरवू नका. श्वास रोखला जायला लागला, धाप लागली, की थोडं मागे या. मांडीच्या मधोमध ताण जाणवला तर चालेल. गुडघ्यात टोचलं, कंबरेत कळ आली किंवा पायाला मुंग्या आल्या, तर तिथेच थांबा. शिक्षक 'अजून थोडं' म्हणाले तरी.

पोट रिकामं हवं, जेवणानंतर तीन-चार तास तरी जाऊ द्या. बीपी, स्लिप डिस्क, काचबिंदू, गरोदरपण यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि क्लास सुरू होण्यापूर्वी शिक्षकांच्या कानावर घाला. काचबिंदूचं आवर्जून सांगा, कारण डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. फॉर्मवर लिहिलंय म्हणून त्यांनी वाचलंच असेल असं धरून चालू नका.

आणि हो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग जास्त ठणकतं. मी तिसऱ्या दिवशी जिना कठडा धरून, आडवा-आडवा उतरलो होतो. तेवढ्यावरून क्लास सोडू नका, दोन-तीन दिवसांत ओसरतं.

आता आठ महिने झाले. माझे हात घोट्यापर्यंत जातात. अंगठे अजून लांबच आहेत.