वाचलेला तास कुणाच्या खिशात?

ऐरोलीतून घरबसल्या कोडिंग करतो, तासाला ८०० रुपये. एआय टूलमुळे दहा तासांचं काम सहा तासांत उरकतं. फायदा माझाच ना?

सध्या तरी क्लायंटचा. याच कामाचे पूर्वी ८,००० मिळायचे, आता ४,८०० मिळतील. वर टूलची वर्गणी तुमच्याच कार्डवरून जातेय. तुम्ही म्हणाल, उरलेल्या चार तासांत दुसरं काम घेईन. घ्या, पण दहा तासांचे हातात पडणार ८,०००च. दर तोच ठेवलात तर जास्तीत जास्त बरोबरी होते. जुनी कमाई सहा तासांत हवी असेल तर दर १,३३३च्या आसपास न्यावा लागेल, म्हणजे जवळजवळ ६७ टक्के वाढ. बहुतेक जण दहा टक्के मागतात आणि तेही चाचरत.

शिवाय ते सहा तास घड्याळ लावून मोजलेत का? मेटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपर्सवर प्रयोग केला. आपला वेग २० टक्के वाढला असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात एआय वापरून १९ टक्के जास्त वेळ लागला होता. सगळ्यांचं तसंच होईल असं नाही, पण दर ठरवण्याआधी मोजा.

बिल दहा तासांचंच लावलं तर? क्लायंटला कुठे कळतंय! (नौपाडा)

लावू नका. अपवर्क या फ्रीलान्स कामं देणाऱ्या साइटवर तासाचं काम घेत असाल तर तिचा ट्रॅकर दर दहा मिनिटांच्या टप्प्यात स्क्रीनशॉट घेतो, तिथे हे चालणारच नाही. अमेरिकन बार असोसिएशननेही २०२४ मध्ये वकिलांना बजावलं की तासावर बिल करत असाल तर प्रत्यक्ष लागलेलाच वेळ लावा. पुढचं काम एकरकमी घ्या. मग ते किती वेळात केलंत, हा तुमचा प्रश्न.

टूलच्या वर्गणीवरचा जीएसटी परत मिळतो का? (घोडबंदर रोड)

नोंदणी नसेल तर नाही. सेवा देणाऱ्यांना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि फक्त वर्गणीसाठी ती करून घेणं म्हणजे नसती डोकेदुखी.

वाशीत मुलाखतींचं ट्रान्स्क्रिप्शन करते. क्लायंट म्हणतो, मशीनने लिहिलेलं नुसतं तपासा, रेकॉर्डिंगच्या मिनिटामागे निम्मा दर. घेऊ का?

आधी दहा मिनिटांचा नमुना मागवा. शांत खोलीत एकटा माणूस बोलत असेल तर निम्मा दरही परवडेल. पण एपीएमसी मार्केटातली मुलाखत असेल, मागे टेम्पोचे हॉर्न, व्यापारी आणि हमाल एकदम बोलतायत, तर मशीन दोघांचं बोलणं एकाच्या तोंडी घालून मोकळं होतं. ते निस्तरायला कोऱ्यापासून लिहिण्याइतकाच वेळ जाऊ शकतो. असं काम रेकॉर्डिंगच्या मिनिटाच्या दराने अजिबात घेऊ नका. इथे तुमच्या कामाच्या तासाचाच दर सांगा. नमुन्याला लागलेला वेळ क्लायंटला दाखवा आणि मगच हो म्हणा.